वाळू झटकून या

गणपतीपुळ्याहून आलेल्या माणसाच्या बॅगेत दिवाळीपर्यंत वाळू सापडते. कपड्यांच्या शिवणीत, चपलेच्या पट्ट्यात, पुस्तकाच्या पानांत. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि कुणी जाबही विचारत नाही. तुर्कस्तानच्या नैऋत्येला, गोकोवाच्या आखातात, सेदिर नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे मात्र वाळू न्यायची नाही, तिच्यावर टॉवेल अंथरायचा नाही, आणि पाण्यातून बाहेर आलात की शॉवरखाली उभं राहून अंगाला चिकटलेली वाळू धुऊन टाकायची. पुळणीचा बराचसा भाग दोरी लावून बंद केलेला असतो, आणि शिट्टी घेतलेला पहारेकरी नजर ठेवून असतो. माझी बायको हे नियम लिहिलेला फलक वाचून म्हणाली, "आपल्या खाडीतली वाळू रात्री डंपर भरभरून जाते. इथला एक शिट्टीवाला तिकडे पाठवायला हवा."

आम्ही गेलो होतो शिडाच्या यॉटने. माझा एक मित्र बरीच वर्षं जर्मनीत आहे. तिथे त्याला हा नाद लागला, रीतसर परीक्षा देऊन त्याने परवानाही काढला. बोद्रुमला यॉट भाड्याने घ्यायची आणि आखाताच्या आतपर्यंत जाऊन यायचं, असा बेत त्याचाच. तो कप्तान, वहिनी सुकाणूवर त्याच्या बदली, माझी बायको स्वयंपाकघराची मालकीण, आणि मी धक्क्याला लागताना बाजूने रबरी फुगे लटकवणारा. हे काम वाटतं तितकं क्षुल्लक नाही, एवढंच नमूद करतो.

यॉटवर गेल्यावर माणूस पहिल्यांदा पाण्याच्या बाबतीत कंजूष होतो. चहूकडे पाणी, पण गोडं तेवढं टाकीत. अंघोळ समुद्रात करायची आणि शेवटी तांब्याभर गोडं पाणी अंगावरून घ्यायचं. तेही कप्तान बघत नसताना. सांडपाण्याची वेगळी टाकी असते, आणि मुग्ला या इथल्या प्रांतात प्रत्येक यॉटला 'मावी कार्त' म्हणजे निळं कार्ड बाळगावं लागतं. टाकी कधी आणि किती रिकामी केली याची नोंद त्यावर होते. थोडक्यात, काय आत घेतलं आणि काय बाहेर टाकलं याचा जमाखर्च ठेवायची सवय आम्हाला सेदिरला पोहोचायच्या आधीच लागली होती.

गोकोवाचं आखात लांबट आहे, पश्चिमेला उघडं आणि पूर्वेला डोंगरांत शिरलेलं. उन्हाळ्यात इथे मेल्तेम नावाचा वारा वाहतो. सकाळी तो जवळजवळ नसतोच. अकरा-बाराच्या सुमारास पाणी शहारतं, दुपारी पांढऱ्या लाटा फुटायला लागतात, संध्याकाळी पुन्हा सगळं निवांत. जाताना हा वारा पाठीमागून येतो, त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्याला शिडाची विद्या अवगत झाली असं वाटतं. शीड एका बाजूला सोडून द्यायचं आणि चहा प्यायचा. फक्त शिडाचा आडवा दांडा अचानक या बाजूचा त्या बाजूला फिरू नये, याकडे लक्ष ठेवायचं. तो फिरला तर वाटेत येणाऱ्या डोक्याची चौकशी करत नाही. आखाताच्या पार टोकाला अक्याका आहे. तिथली पोरं याच वाऱ्यावर पतंगाला बांधून घेऊन पाण्यावरून धावतात.

सेदिरला सकाळी लवकर पोहोचावं. समोरच्या चामलीच्या धक्क्यावरून पर्यटकांच्या होड्या सुरू झाल्या की बेटावर जत्रा भरते. आम्ही नांगर टाकला, तो धरतोय की घसरतोय ते मित्राने किनाऱ्यावरच्या दोन खुणा पकडून बराच वेळ तपासलं, मग डिंगीतून, म्हणजे यॉटच्या छोट्या होडीतून, उतरलो. तिकीट काढलं. पाण्यात शिरलो आणि पायाखालची वाळू ओंजळीत घेऊन पाहिली. पाण्यातल्या पाण्यात, नियम सांभाळून.

कण खरंच वेगळे आहेत. पांढरट, गुळगुळीत, खसखशीसारखे गोल. आपली नेहमीची वाळू म्हणजे खडकांचा चुरा, त्यामुळे प्रत्येक कणाला कोपरे असतात. ही वाळू फुटून झालेली नाही, वाढून झालेली आहे. उबदार, उथळ, हलत्या पाण्यात शिंपल्याचा बारीकसा तुकडा किंवा एखादा कण लोळत राहतो आणि त्याच्यावर चुनखडीचे थरावर थर चढत जातात. अशा कणांना ऊइड म्हणतात. बहामाच्या उथळ समुद्रात ते आजही तयार होतात आणि इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावरही असतात. सेदिरच्या कणांची त्या इजिप्तच्या कणांशी भूवैज्ञानिकांनी तुलनाही केली आहे, आणि त्यामागे एक प्रेमप्रकरण आहे.

कथा अशी की इजिप्तची राणी क्लिओपात्रा या बेटावर यायची होती, पण इथली वाळू तिच्या पायांच्या लायकीची नव्हती. म्हणून तिचा प्रियकर, रोमन सेनापती अँटनीने तिच्या देशातून गलबतं भरून वाळू मागवली. ती दोघं सेदिरला आल्याचा पुरावा नाही. इ. स. पूर्व 41 मध्ये ती अँटनीला भेटायला आली ते तार्ससला, इथून शेकडो किलोमीटर पूर्वेला. तेव्हाच्या तिच्या नावेचं वर्णन प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने करून ठेवलंय: सोन्याने मढवलेली पिछाडी, जांभळी शिडं, चांदीची वल्ही.

माझ्या डोक्यात दुसरंच येत होतं. रिकामं गलबत समुद्रात नीट तरंगत नाही, फार डोलतं. म्हणून तळाशी वजन घालायचं, आणि त्याला दगड किंवा वाळू यांच्याइतकं फुकट काही नाही. अँटनीने जहाजांच्या लाकडासाठी आशिया मायनरमधला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, देवदाराचा काही मुलूख क्लिओपात्राला दिला होता. तो इथून बराच पूर्वेला, हे मान्य. पण लाकूड भरायला इजिप्तहून रिकाम्या निघालेल्या गलबतांनी पोटात वाळू घेतली असेल आणि कुठेतरी ओतली असेल, एवढं तरी म्हणता येतं. मी हा सिद्धांत मोठ्या उत्साहाने मांडला.

"भावजी, तुम्ही अगदीच रुक्ष आहात हो," वहिनी म्हणाल्या. "मला अँटनीच हवाय."

मित्राने पाण्यात डुबकी मारली.

एक गोष्ट मात्र कोकणातल्या माणसाला इथे सारखी खटकते. भरती नाही, ओहोटी नाही. म्हणजे असते, पण टिचभर. आपली पुळण दिवसातून दोनदा धुऊन निघते, पावसाळ्यात अर्धी गायब होते, गणपतीनंतर परत येते. त्यामुळे वाळू कुणाच्या मालकीची असू शकते हेच आपल्याला पटत नाही. सेदिरच्या आडोशाच्या कोपऱ्यात समुद्र जवळपास काही नेत नाही आणि काही आणूनही देत नाही. पायाला चिकटून गेलेली वाळू गेली ती गेलीच. तो शॉवर म्हणूनच.

बेटावर पोहायला आलेल्यांपैकी फार थोडे झाडीत वर चढतात. तिथे केद्रिआई नावाचं जुनं गाव होतं. तटबंदीचे थोराड दगड आहेत, अपोलोच्या देवळाची जागा आहे, आणि एक नाट्यगृह. त्याच्या पायऱ्यांतून ऑलिव्हची झाडं वर आली आहेत, रातकिडे भर दुपारी कर्कश गात असतात. इ. स. पूर्व 405 मध्ये स्पार्टाचा सेनापती लायसँडर इथे आला. गाव अथेन्सच्या बाजूचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यात ते पडलं आणि त्याने माणसं गुलाम केली. ग्रीक इतिहासकार झेनोफोनने हे एका वाक्यात उरकलंय, आणि जाता जाता रहिवासी अर्धे ग्रीक आणि अर्धे परके होते हेही सांगितलंय. आखं गाव बेटावरून नेताना कुणी शिट्टी वाजवली नसणार.

खाली आलो तेव्हा जत्रा भरली होती. शॉवरपाशी रांग. यॉटवर आठवडाभर तांब्याने मोजून वापरलेलं गोडं पाणी इथे डोक्यावरून वाहत होतं आणि ते घ्यायची सक्ती होती. माझी बायको रांगेत दोनदा उभी राहिली. पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पण वाळू धुण्याला कमाल मर्यादा नसावी.

अकरा वाजत आले होते आणि मित्र घाई करत होता. पश्चिमेला जायचं म्हणजे आता मेल्तेम तोंडावर. शिडाने जायचं तर या काठाहून त्या काठाला नागमोडी कापत जावं लागतं, आणि तासाभराच्या वाटेला दुपार लागते. यॉटवर चढल्या चढल्या वहिनींनी शिडांकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "आता?" त्याने मान खाली घालून डिझेल इंजिनाची किल्ली फिरवली. चांदीची वल्ही मारायला माणसं असती तर गोष्ट वेगळी होती, असं तो काहीतरी पुटपुटला. मी नांगराची साखळी वर घ्यायला पुढे गेलो.