वीतभर अंतरावरचा भारत

हांगझोऊच्या पश्चिमेकडील डोंगरांत लिंगयिन मंदिर आहे. तिथे पोहोचताच एका पिवळ्या भिंतीवर चार मोठी अक्षरे दिसतात. ‘शीथ्येन वीतभर अंतरावर’ असा त्यांचा आशय. शीथ्येन म्हणजे पश्चिमेचा स्वर्ग आणि जुन्या चिनी बोलण्यात आपला भारत. दोन विमाने बदलून तिथूनच आलेल्या मला ही वीत जरा लांबच वाटली.

मंदिरासमोरचा चुनखडीचा डोंगर ‘उडून आलेले शिखर’ म्हणून ओळखला जातो. चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने तो पाहून ‘हा तर आमचा गृध्रकूट, इथे कधी उडून आला?’ असे विचारल्याची आख्यायिका आहे. गृध्रकूट म्हणजे बिहारमधल्या राजगीरची, बुद्धाच्या उपदेशांसाठी प्रसिद्ध टेकडी. याच डोंगराच्या कपारीत, सोंग राजवटीत कोरलेला पु-ताई एका हातात जपमाळ धरून, दुसरा हात झोळीवर टेकून हसत बसला आहे. आपल्या दिवाणखान्यांतला ‘लाफिंग बुद्धा’ तो हाच. मात्र हा गौतम बुद्ध नसून कापडी झोळी घेऊन हिंडणारा, पुढे मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानला गेलेला दहाव्या शतकाच्या आरंभीचा एक भिक्षू. पु-ताई म्हणजे कापडी झोळीच.

पहिल्या दालनात चार दिक्पाल राजे उभे आहेत. तलवार, पिपा नावाचे तंतुवाद्य, छत्री आणि साप या त्यांच्या हातांतल्या वस्तूंमागे चिनी शब्दखेळ आहे: तलवारीच्या धारेचा उच्चार वाऱ्यासारखा, वाद्य म्हणजे सुरात असणे, छत्री म्हणजे पाऊस, सापाची चाल म्हणजे सुरळीतपणा. चारही मिळून ‘वारा बेताचा, पाऊस वेळेवर’ हे शेतकऱ्याचे मागणे पुरे होते. पिपावाल्याचे नाव ‘राष्ट्र धारण करणारा’, म्हणजे शब्दशः धृतराष्ट्र; महाभारतातल्या राजाशी याचा संबंध नाही, तरी मला हसू आवरले नाही. छत्रीवाला ‘बहुश्रुत’, म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर.

मुख्य दालनाच्या नावाचा अर्थ ‘महावीरांचे दालन’ असा आहे. मराठी वाचकाला जैन तीर्थंकर आठवतील, पण इथे ते शाक्यमुनींचे, म्हणजे गौतम बुद्धाचे, विशेषण आहे.

शाक्यमुनींच्या पाठीमागे मात्र मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो, कारण तिथे क्वानयिन आहे. ‘क्वान’ म्हणजे पाहणे, ‘यिन’ म्हणजे ध्वनी. जगाचा आक्रोश जाणणारी. हे भाषांतर अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या नावाचे, किंवा ‘अवलोकितस्वर’ या त्याच्या जुन्या नावाचे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशा अष्टभयांतून भक्तांना सोडवणारा हा बोधिसत्त्व पुरुषरूपात आहे. चीनमध्ये साधारण दहाव्या शतकानंतर तो हळूहळू मातृरूप झाला. इतक्या आर्त हाका ऐकणाऱ्याने आई व्हावे, हे मला तरी पटले.

शेजारी एक आजी डोळे मिटून पुटपुटत होत्या. चिनी भाषेचे मला चार शब्दही येत नाहीत, तरी ‘नामो आमिथ्वोफो’ ऐकताच ‘नमो अमिताभ’ हा अमिताभ बुद्धाचा जप कळला.