तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला ऑइल कूलर बसवायचा का आणि कसला?

पोलोवाले, पुंटो अबार्थवाले, नुकतंच रीमॅप करून (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) आलेले, सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘दादा, ऑइल कूलर बसवायचाय, किती रोचा घेऊ?’ (ऑइल कूलर म्हणजे इंजिन ऑइल गार करणारा छोटा रेडिएटर, आणि रो म्हणजे त्यातल्या नळ्यांच्या ओळी.) कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांची कामं करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे: ऑइल किती तापतंय? त्यावर उत्तर येतं, ‘काटा निम्म्यावरच असतोय की!’

तो काटा पाण्याचा. पाणी नव्वदच्या आसपास राहील याची काळजी थर्मोस्टॅट आणि पंखा घेतात, त्यामुळे काटा जागचा हलत नाही. तेवढ्यात ऑइल १३० अंशांवर गेलं तरी डॅशबोर्डवर त्याचा पत्ता नसतो. म्हणून कूलरच्या आधी ऑइल टेंपरेचर गेज. काही गाड्या ओबीडीवर (तपासणीच्या सॉकेटवर) हा आकडा देतात, पण तो सेन्सरने मोजलेला आहे की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, हिशेबाने काढलेला, हे बघून घ्या. हिशेबाच्या आकड्यावर पैसे खर्च करू नका.

आकडा हातात आला की तो वाचता आला पाहिजे. ऑइल जितकं गार तितकं बरं, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. इंजिनात जळणातून पाण्याची वाफ येते, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. ते उडून जायला ऑइल शंभरच्या आसपास पोचावंच लागतं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडाही १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्यावरून ठरतो. म्हणजे १०० ते ११० ही ऑइलची कामाची जागा. घाटात घटकाभर १२० दिसलं तर चांगलं सिंथेटिक ऑइल ते सोसतं. १३० च्या वर जाऊन तिथंच टिकायला लागलं, त्यात ऑइल प्रेशर पडायला लागलं, की मग कूलरचं बोलू.

हे बघायचं तर ट्रॅकवर जायला पाहिजे असं नाही. कोकणातून परत या. जाताना आंबा घाट किंवा करूळ घाट उतरायचा असतो, ऑइल निवांत असतं. येताना मे महिन्याच्या दुपारी, पुढं ट्रक, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) भरलेला आणि समोरून वारा नाही. इंजिनावर लोड भरपूर आणि वेग तीस-चाळीस, ही ऑइलची खरी परीक्षा. नॅशनल हायवेवर निपाणीपर्यंत गाडी पळवून काढलेला आकडा याच्यापुढं काही नाही. त्याच चढावर ऑइल ११५ च्या आत राहिलं, तर कूलरचे पैसे टायरमध्ये घाला.

बहुतेक टर्बो गाड्यांना कंपनीचा एक छोटा कूलर आधीच असतो, पाण्यावर चालणारा, फिल्टरच्या पाठीला चिकटलेला. ‘तो काढून मोठा टाकू’ म्हणणारे भेटतात. काढू नका. सकाळी पाणी आधी तापतं आणि तोच कूलर ऑइलला तापवून घेतो. तो राहू दे, हवेवरचा कूलर त्याच्या जोडीला बसवा.

आता रो. दोन लिटरपर्यंतच्या रस्त्यावरच्या गाडीला १३ रो बहुधा पुरतो, ट्रॅकवर जाणाऱ्याला १९. पंचवीसचा हौसेनं घेतात आणि मग बंपर कापत बसतात. रोपेक्षा महत्त्वाचा आहे सँडविच प्लेटमधला (फिल्टर आणि इंजिनाच्या मध्ये बसून ऑइल कूलरकडे वळवणारी प्लेट) थर्मोस्टॅट, आणि नेमका तोच लोक पैसे वाचवायला गाळतात. साधारण ८० ते ९० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट नसेल, तर डिसेंबरच्या सकाळी राजारामपुरी ते रंकाळा एवढ्या फेरीत ऑइल कधी तापणारच नाही. रोज असंच चालवलं तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसायला लागेल. प्लेट घेताना फिल्टरचा आटा मोजा: एम२०, तीन-चतुर्थांश इंच, एम२२, सगळे जवळजवळ सारखे दिसतात. आणि फिल्टर डब्यातला कागदी असेल तर साधी प्लेट बसतच नाही, त्या इंजिनासाठी केलेला ॲडॅप्टर लागतो.

ब्रॅकेट मात्र बाहेरून मागवू नका. आपल्याकडच्या लेथवाल्याला ॲल्युमिनियमची पट्टी दिली की दुपारपर्यंत काम झालेलं असतं. फक्त कूलर चेसिसला घट्ट आवळू नका, मध्ये रबरी बुश हवेत. इंजिनाच्या आणि रस्त्याच्या कंपानं वेल्ड तडकतात.

जागेबद्दल एकच म्हणणं: हवा आत येते कुठून हे सगळे बघतात, जाते कुठून हे कोणी बघत नाही. बंपरच्या कोपऱ्यात फॉगलॅम्पमागे कूलर बसवला आणि मागं फेंडर लायनर (चाकावरचं प्लास्टिकचं आवरण) अखंड ठेवला, तर हवा तिथंच कोंडते. लायनरला जाळी पाडा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरच्या) पुढं बसवला, तर ऑइल गार होईल आणि इंजिनाला गरम हवा मिळेल, म्हणजे रीमॅपचे पैसे पाण्यात. शिवाय आपल्या भागात कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाचं पाचट उडत असतं. पुढं बारीक जाळी लावा आणि ती धूत जा.

होजवर, म्हणजे ऑइल नेणाऱ्या पाइपवर, मी जरा जास्त बोलतो. शिरोलीत, गोकुळ शिरगावात जेसीबीचे होज प्रेस करून मिळतात. ‘दादा, अडीचशे बारचा आहे, फुटणार नाही,’ असं सांगत पोरं तो घेऊन येतात. इंजिन ऑइलचं प्रेशर चार-सहा बार, अडीचशे कुणाला हवेत? त्या साध्या हायड्रॉलिक होजची तापमानाची मर्यादा १०० अंशांची असते आणि आपलं ऑइल त्याच्या वर जाणार आहे. रबर आतून कडक होतं, तडकतं, आणि होज सुटला तर एक्झॉस्टवर ऑइल पडून आग लागते. १५० अंश सोसणारा इंजिन ऑइलचाच होज घ्या, एएन-१० मापाचा (एएन ही अशा होज-फिटिंगच्या मापांची पद्धत). स्टिअरिंग पूर्ण फिरवून तो कुठं घासतो का बघा. होजच्या टोकाच्या एएन फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका. तिचं सीलिंग धातूवर धातू बसून होतं, आणि टेपचा तुकडा सुटला की थेट ऑइलच्या वाटेत.

सगळं जोडल्यावर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, प्रेशर आलं की मग इंजिन चालू करा. डिपस्टिक बघून ऑइल वाढवा, कूलर आणि होज मिळून बरंच ऑइल पितात. पहिला घाट झाल्यावर सगळ्या फिटिंगवर पांढरा कागद फिरवा, गळत असेल तर डाग दिसेल.

आणि जुन्या बाजारातला कूलर? बेरिंग गेलेल्या इंजिनावरचा असेल तर त्याच्या पातळ नळ्यांमध्ये धातूचा चुरा बसलेला असतो. डिझेल मारा, हवा मारा, सगळा निघाला याची खात्री कोणी देणार नाही. ज्या कूलरचा पूर्वेतिहास माहीत नाही, तो किलोच्या भावानं भंगारात जाऊ दे.