मुदतीआधी लीजची गाडी सोडवताना

नोकरी बदलायची ठरली तेव्हा पगार, पद, रोजचं अंतर यावर घरात बोलून झालं होतं. प्रश्न उरला होता गाडीचा. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीने ती मला लीजवर, म्हणजे लीजिंग कंपनीकडून भाड्याने घेऊन, दिली होती. करार चार वर्षांचा, आणि निम्मी मुदतही भरली नव्हती. नवी कंपनी सावलीकडची, लहान. तिथे कार लीजची सोयच नाही.

लीज घेताना फायदा उघड दिसतो. भाडं पगारातून आधीच कापलं जातं, करपात्र उत्पन्न कमी होतं, आणि तेव्हाच्या नियमाने १६०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या सोयीचं मूल्य म्हणून करपात्र उत्पन्नात दरमहा फक्त १,८०० रुपये मिळवले जायचे. करार मात्र कंपनी आणि लीजिंग कंपनी यांच्यातला असतो, आपण नुसते वापरणारे. त्यामुळे सोडायची वेळ आली की लीजिंग कंपनी आपल्याशी थेट बोलत नाही, प्रत्येक पत्र एचआरमार्फत जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की राजीनामा देण्याआधी कंपनीची कार पॉलिसी मागून घ्या आणि वाचा. नोटीस पिरियड सुरू झाला की दिवस भराभर जातात.

माझ्यापुढे मार्ग होते तीन. पहिला, आमच्याच कंपनीतल्या कुणी गाडी चालू करारासकट घ्यायची. यात करार मोडत नाही आणि दंडही लागत नाही, म्हणून हाच सगळ्यात स्वस्त. एक सहकारी तयारही होता, पण त्याने शोरूममध्ये भाव विचारला आणि थांबला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आला. माझं भाडं मात्र जुन्या, महाग किमतीवर बांधलेलं. त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

दुसरा मार्ग गाडी परत करण्याचा. ऐकायला सोपा वाटतो, पण आमच्या करारात परत आलेली गाडी लीजिंग कंपनी विकणार आणि येणं बाकी त्यातून भागलं नाही तर तूट माझ्या फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, कापणार, असं कलम होतं. नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचेही भाव उतरले होते. म्हणजे गाडीही जाणार आणि वर पैसेही भरायचे. उरला तिसरा मार्ग, गाडी विकत घेण्याचा.

लीजिंग कंपनीकडून फोरक्लोजरचा, म्हणजे करार मुदतीआधी मिटवण्याचा, आकडा आला. एकच, गोल, खाली सहीशिक्का. दांडिया बाजारातल्या आमच्या काकांची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हा आकडा मान्य करू नकोस रे. आधी फोड माग."

फोड, म्हणजे कशाचे किती ते, मागितली, आणि खरं काम तिथेच झालं. आकड्यात बाकी मुद्दल होतं, कराराच्या शेवटी गाडीची धरलेली किंमत होती, फोरक्लोजर चार्ज आणि कर होता. हे सगळं करारात लिहिलेलं, त्यावर वाद नाही. पण माझ्या भाड्यात सर्व्हिसिंग, टायर आणि इन्शुरन्सही धरलेला होता, आणि उरलेल्या सगळ्या महिन्यांचे ते पैसेही बेरजेत घातले होते. जी सर्व्हिसिंग ते करणारच नाहीत, जी पॉलिसी ते काढणारच नाहीत, तिचे पैसे कशाचे? एवढंच मी साध्या शब्दांत लिहून पाठवलं. एचआरच्या मॅडमनी ते कंपनीच्या लेटरहेडवर पुढे धाडलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सुधारलेला हिशेब आला तेव्हा ती ओळ निघाली होती.

आणखी एक बघा. उरलेले महिने गुणिले भाडं असा हिशेब केलेला असेल तर त्यात पुढचं व्याजही आलं. मुदतीआधी पैसे फेडतोय तर ते व्याज का द्यायचं? आणि आकडा कुठल्या तारखेपर्यंतचा आहे हे लिहून घ्या. तारीख उलटली की पुढचा हप्ता लागतो आणि सगळं नव्याने.

पैसे भरल्यावर आरटीओचं काम. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, लीजिंग कंपनीच्या नावावर होती, म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर त्यांच्या अधिकृत माणसाची सही आणि त्या माणसाला दिलेलं अधिकारपत्र लागलं. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. बाकी असलेली चलनं आधी भरून टाकली, पीयूसी ताजी करून घेतली. दरजीपुऱ्याच्या आरटीओ ऑफिसात मग फारसं काही अडलं नाही.

इन्शुरन्सकडे लोक दुर्लक्ष करतात. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही आणि मध्येच गाडी ठोकली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, विमाधारकाचा असतो. लीजिंग कंपनीच्या नावावर जमलेला बोनस मला मिळाला नाही आणि फरकाची रक्कम भरावी लागली. हा खर्च विकत घेण्याच्या हिशेबात आधीच धरा.

शेवटी लीजिंग कंपनीकडून, काही येणं नाही असं पत्र घेतलं आणि त्याची प्रत एचआरला दिली. त्याशिवाय फुल अँड फायनल सोडू नका असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणजे नंतर कुणी मागे लागायला नको. जुना फास्टॅग बंद करून माझ्या नावाचा नवीन काढला आणि त्याच आठवड्यात सावलीला रुजू झालो.