गणपतीचं तिकीट आदल्या वर्षीच्या गणपतीत

ब्रिटिश एअरवेजमध्ये पैशांऐवजी पॉइंट्सवर मिळणाऱ्या सीट्स प्रवासाच्या 355 दिवस आधी खुल्या होतात. आपलं बारा चांद्रमासांचं वर्ष 354 दिवसांचं, वर काही तास. म्हणजे मध्ये अधिक महिना आला नाही, तर यंदा घरोघरी मूर्ती बसते त्याच सुमारास पुढच्या चतुर्थीच्या विमानाच्या सीट्स खुल्या होतात. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि 2027 ची 4 सप्टेंबरला. मधले दिवस मोजा, बरोबर 355 भरतात. हे लक्षात आल्यापासून लंडनमध्ये राहूनही मी घरी जायचा बेत तिथीनं आखते.

मी हॅरोला राहते आणि माहेर गिरगावात. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला, त्याच गिरगावात. तिथल्या माणसाला चतुर्थीला घराबाहेर राहणं किती जड जातं, ते मुंबईच्या वाचकांना सांगायला नको. तिकिटाचा भाव हा त्यातला मोठा अडसर असतो. चौघांच्या कुटुंबानं ऐन सणाला लंडन-मुंबई-लंडन करायचं म्हटलं की आकडा बघून लॅपटॉप मिटावासा वाटतो. ही वाट आम्हाला क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सनी मोकळी करून दिली. ते कसं, हे मुंबईतले भाऊ, वहिनी, मैत्रिणी सगळेच विचारतात, म्हणून आज नीट लिहिते.

इथे ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंट्सना एव्हिऑस म्हणतात. कतार एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस आणि फिनएअर यांचंही चलन हेच आहे. त्यामुळे एकीकडचे पॉइंट्स दुसरीकडे नेता येतात. आम्ही ते तीन वाटांनी जमवतो. पहिली आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे नवीन कार्डाचा सुरुवातीचा बोनस. ठरावीक महिन्यांत ठरावीक खर्च केला की एकरकमी पॉइंट्स मिळतात. वर्षभर किराणा भरून जमतील त्याहून ते सहसा जास्तच असतात. दुसरी वाट रोजच्या खर्चाची. अमेरिकन एक्सप्रेसच्या गोल्ड कार्डाचे पॉइंट्स इथे एकास एक एव्हिऑस होतात. तिसरी वाट मला मनापासून आवडते. सेन्सबरीज नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीचे नेक्टर पॉइंट्स एव्हिऑसमध्ये बदलता येतात, 400 नेक्टरचे 250 एव्हिऑस. दूध, कांदे, मुलांच्या डब्यातली फळं, सगळं थोडं थोडं मुंबईच्या दिशेनं सरकत असतं.

आता सीटविषयी, कारण पॉइंट्स जमवण्यापेक्षा सीट पकडणं कठीण. ब्रिटिश एअरवेज लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात पॉइंट्ससाठी किमान 14 सीट्स राखून ठेवते. त्यातल्या 8 इकॉनॉमीच्या, 2 प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि 4 बिझनेसच्या. अख्ख्या विमानात हमीच्या आठ सीट्स आणि आम्ही चौघे, म्हणजे अर्ध्या आम्हालाच हव्यात. त्या खुल्या होतात ग्रिनिच वेळेनुसार रात्री बारा वाजता. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा रात्रीचा एक. मुंबईत मात्र बारा महिने तीच वेळ, पहाटे साडेपाच. बाबा तेव्हा उठलेलेच असतात. आमच्याकडे हे काम बापलेक मिळून करतात. तारखा आधीच त्यांच्याकडून घेऊन ठेवलेल्या असतात. ते फोनवर असतात, मी इथे स्क्रीनसमोर. सीट मिळाली की आईला हाक मारून सांगायचं काम त्यांचं.

तारखा काढणं हा त्यांचा प्रांत आहे आणि तो त्यांनी फार मन लावून सांभाळला आहे. चतुर्थी साधारण दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. यंदा अधिक ज्येष्ठ होता, म्हणून 2025 ची 27 ऑगस्टची चतुर्थी यंदा 14 सप्टेंबरवर गेली. हे अंतर 383 दिवसांचं. अशा वर्षी आदल्या गणपतीत सीट दिसतच नाही, अजून काही आठवडे थांबावं लागतं. आणखी एक गोष्ट. चतुर्थीला पोचून उपयोग नाही, दोन-तीन दिवस आधी पोचायला हवं. म्हणजे जायची सीट हरतालिकेच्याही आधी खुली होते आणि परतीची अनंत चतुर्दशीच्या आसपास. दोन वेगवेगळ्या रात्री जागायचं. जायची बाजू मिळेल त्या रात्री एकेरी घेऊन टाकायची, परतीची नंतर. एकेरी घेतली म्हणून पॉइंट्स जास्त लागत नाहीत, हा रोख तिकिटापेक्षा मोठा फायदा आहे. ब्रिटिश एअरवेजचं विमान शोधायचं असेल तर आधी पुढच्या वर्षीची तिथी काढा, तिच्यावरून प्रवासाची तारीख ठरवा, मग त्यातून 355 दिवस वजा करा.

मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळा. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. विनापरवानगी शाळा बुडवली तर ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमानं प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पाउंड दंड होऊ शकतो आणि तो 21 दिवसांत भरला नाही तर 160. म्हणजे 14 सप्टेंबरच्या चतुर्थीला मुलं इथेच आणि आमच्यापैकी एक जण मुंबईत. 2028 ची चतुर्थी 23 ऑगस्टला येते, तेव्हा सगळे जाणार हे आत्ताच ठरलंय. फक्त ऑगस्टमध्ये सगळं इंग्लंडच प्रवासाला निघतं आणि त्या दिवसांत पॉइंट्सही जास्त लागतात. उलट सप्टेंबरच्या मध्यावर इथले लोक कामाला जुंपलेले असतात, सीट सहज मिळते. ज्या वर्षी चतुर्थी उशिरा, त्या वर्षी एकट्या-दुकट्यानं जाणाऱ्याची चंगळ.

'फुकट तिकीट' हा शब्द मात्र मी वापरत नाही. पॉइंट्स भाड्याची जागा घेतात. कर आणि विमान कंपनीचे अधिभार रोखीतच भरायचे असतात. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. भारताइतक्या अंतरासाठी एप्रिल 2026 पासून तो इकॉनॉमीत 102 पाउंड आणि वरच्या वर्गांत 244 पाउंड झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे. हा कर इथून निघतानाच लागतो, मुंबईहून येताना नाही.

म्हणून प्रत्येक वेळी एक साधा भागाकार करायचा. समजा रोख तिकीट 620 पाउंडांना आहे आणि पॉइंट्सवर घेतलं तर 50,000 एव्हिऑस आणि वर 220 पाउंड लागतात. वाचले 400 पाउंड. 400 ला 50,000 नं भागलं की एका पॉइंटला 0.8 पेनी मिळाली (शंभर पेनींचा एक पाउंड). माझ्या हिशेबानं एक पेनीच्या आसपास मिळत असेल तर पॉइंट्स वापरावेत. अर्ध्या पेनीवर आलं तर रोख तिकीट घ्यावं आणि पॉइंट्स राखावेत. स्वस्ताईच्या फेब्रुवारीत पॉइंट्स उडवणं आणि ऐन सणाला रोख भरणं, असं उलटं करणारे बरेच जण मला इथे भेटतात आणि मनापासून वाईट वाटतं.

मुंबईतल्या वाचकांसाठी हाच भागाकार रुपयात. एचडीएफसी बँकेच्या इन्फिनिया कार्डावर दर 150 रुपयांना 5 पॉइंट्स मिळतात. बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान तिकिटासाठी एक पॉइंट एक रुपयाचा धरतात. तोच पॉइंट स्टेटमेंटमध्ये रोख वळता केला तर 30 पैशांचा. तिप्पट-चौपट फरक. हे कार्ड सगळ्यांना मिळत नाही, पण हीच रचना इतर बँकांतही दिसते. कॅटलॉगमधला मिक्सर किंवा व्हाउचर घेतलं तरी पॉइंट्सचं मोल कमीच, प्रवासात ते सर्वांत जास्त. विमान कंपनीकडे पॉइंट्स ट्रान्सफर करताना दर नीट वाचा. काही कार्डांवर एकास एक असतो, काहींवर दोनास एक. आणि एकदा ट्रान्सफर केलेले पॉइंट्स परत बँकेत येत नाहीत. म्हणून आधी सीट बघायची, मग ट्रान्सफर. इकडे मुलाकडे किंवा मुलीकडे येऊन भारतीय कार्ड वापरणार असाल तर बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास परकीय चलनाचा मार्कअप लागतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. पॉइंट्सच्या नादात तो विसरला जातो.

आणि हे सगळं फक्त त्यांच्यासाठी, जे महिन्याचं बिल पूर्ण भरतात. 'मिनिमम ड्यू' भरून बाकी पुढे ढकलणाऱ्याला भारतात महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज पडतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. पॉइंट्समधून मिळतात दोन-तीन टक्के. माझ्या धाकट्या भावाला मी स्पष्ट सांगितलं आहे की दादरला सोनं घेताना पॉइंट्ससाठी कार्ड पुढे करायचं असेल तर पैसे आधी खात्यात हवेत. आमच्या घरी कार्डाचं पूर्ण बिल बँकेतून आपोआप जातं, तारीख लक्षात ठेवायची वेळच येत नाही.

कार्डाचा आणखी एक उपयोग इथे राहणाऱ्यांना ठाऊक असावा. 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75 नुसार, 100 पाउंडांहून महाग आणि 30,000 पर्यंतची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डानं घेतली आणि विकणाऱ्यानं कबूल केलेलं दिलं नाही, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. विमान कंपनी बुडाली तरी हा हक्क राहतो. रोख तिकीट घेताना डेबिट कार्ड वापरू नका, असं मी नव्यानं आलेल्या प्रत्येकाला सांगते.

आता ज्यासाठी मी हे सगळं खरं तर करते, ते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला रात्रीच्या फोनची भीती असते. फोन आला की पुढच्या बारा तासांत निघायचं असतं आणि नेमकं तेव्हाच रोख भाडं दुप्पट-तिप्पट झालेलं असतं. पॉइंट्सचा दर मात्र शेवटच्या दिवशी घेताय म्हणून वाढत नाही. उरलेल्या सीट्स कंपन्या कधी कधी शेवटच्या दोन-तीन दिवसांत पॉइंट्सना खुल्या करतात. सीट मिळेलच असं नाही, पण दार तरी असतं. म्हणून आमच्या खात्यातला एक हिस्सा आम्ही गणपतीलाही वापरत नाही. दोघांचं एकेरी तिकीट निघेल इतके एव्हिऑस कायम पडून असतात. पॉइंट्स साठवून ठेवू नयेत, कंपन्या दर वाढवतात आणि त्यांचं मोल घटतं, हा सल्ला बरोबर आहे आणि बाकीच्या पॉइंट्सना मी तो पाळते. या हिश्श्याचं मोल घटलं तरी चालेल. 36 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर एव्हिऑस बाद होतात, पण दर महिन्याच्या किराण्यानं ती हालचाल आपोआप होते.

आईबाबांना इकडे आणायलाही पॉइंट्सच बरे, आणि कारण पैशांपेक्षा व्हिसाचं आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो. चांगली सीट मात्र जवळजवळ वर्षभर आधी घ्यावी लागते. रोखीचं स्वस्त तिकीट घेतलं आणि व्हिसा लांबला किंवा गुडघा दुखायला लागला, तर पैसे गेले. एव्हिऑसवरचं तिकीट सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत माणशी 35 पाउंड शुल्क भरून रद्द करता येतं. पॉइंट्स आणि भरलेले कर परत येतात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही दोघांची तिकिटं शांतपणे रद्द केली आणि नंतरच्या तारखेची घेतली. घरात त्यावरून एक शब्द झाला नाही. सत्तरीच्या माणसांचा प्रवास ठरवताना ही मोकळीक भाड्यातल्या बचतीपेक्षा मोठी आहे.

त्यांच्यासाठी बुकिंग करताना दोघांना एकाच पीएनआरमध्ये ठेवा, म्हणजे वेळापत्रक बदललं तर दोघे वेगळ्या विमानांत पडत नाहीत. व्हीलचेअर तिकीट काढल्याबरोबर मागा, सहारच्या टी-2 वर आणि हीथ्रोलाही चालणं खूप आहे. शाकाहारी जेवण आधीच नोंदवा. संपर्काचा फोन नंबर त्यांचाही द्या आणि तुमचाही, कारण विमानाला उशीर झाल्याचा मेसेज लंडनमध्ये कळून गिरगावात उपयोग नाही. आता विमानतळापासून गिरगावपर्यंत भुयारी मेट्रो झाली आहे, पण मोठ्या बॅगा आणि खाऊचे डबे घेऊन निघालेल्या आईला तिच्यात बसवायचा आग्रह धरू नका, सरळ टॅक्सी करून द्या.