कधी चालू, कधी मुका: लॅपटॉपच्या आठवडाभराच्या नोंदी

सोमवार

कायमचा बंद पडलेला लॅपटॉप त्या मानाने सोपा. दोष जागचा हलत नाही, शोधला की सापडतो. जीव खातो तो चार वेळा नीट चालू होऊन पाचव्यांदा मुका राहणारा. म्हणून आज स्क्रूड्रायव्हर नाही, फक्त वही. दहा वेळा चालू करायचा आणि दर वेळी लिहायचं: चार्जर होता का, बॅटरी होती का, मशीन थंड होतं की तापलेलं, दिवा लागला का, पंखा फिरला का, स्क्रीन उजळली का.

शेवटच्या तीन उत्तरांवर पुढची सगळी दिशा ठरते. दिवा लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर वीज पोचली आहे. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे, एका वेळी एकच पट्टी लावून बघायची. दिवासुद्धा लागत नसेल, तर रॅमकडे वळण्यात अर्थ नाही. ‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत दोन वेगळे आजार असतात.

आजचा हिशेब: दहापैकी सहा वेळा चालू, चार वेळा दिवासुद्धा नाही. म्हणजे विजेचाच प्रश्न.

मंगळवार

आधी चार्जर. लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवला, कारण २० च्या रेंजवर हा आकडा अगदी कडेला येतो. पिन आतून मोजताना एक गफलत नेहमी होते. काही पिनांमध्ये मधोमध सुईसारखा बारीक काटा असतो. तो प्लस नसतो. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला कळवणारी ती तार. प्लस असतो नळीच्या आतल्या भिंतीवर, मायनस बाहेरच्या. टाइप-सी चार्जरवर तर मोकळ्या टोकाशी काही मिळतच नाही. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो व्होल्टेज सोडत नाही. तिथे मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर लागतो.

रीडिंग १९.४ आलं. एवढ्यावर चार्जरला निर्दोष म्हणता येत नाही. रिकामा असताना थकलेला चार्जरही पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लोड आला की बसतो. खात्रीचा दुसरा चार्जर लावून पुन्हा दहा वेळा: व्होल्ट तेवढेच, पिन तीच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. अँपिअर जास्त असल्याने काही जळत नाही, मशीन हवे तेवढेच ओढते. व्होल्ट मात्र जास्त नकोत.

चार्जरवरचा दिवा पिन खुपसताच विझत असेल, तर तिथेच थांबावं. आत मुख्य लाइन शॉर्ट आहे, बहुतेक वेळा एखादा चपटा सिरॅमिक कपॅसिटर, आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. इथे तसं नाही. दुसऱ्या चार्जरवरही निकाल तोच: दहापैकी सहा.

बुधवार

मागचं झाकण उघडलं. चार्जर काढून, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा वापरायचीही नाही. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे टोचून ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पाडतो.

मग बटण ३० सेकंद दाबून धरलं. आत उरलेला चार्ज निघून जातो आणि बटणाकडे सतत लक्ष ठेवणारा छोटा कंट्रोलर नव्याने सुरू होतो. बरेच लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात आणि लोक काम संपलं म्हणून झाकण लावतात. इथेच वही उपयोगी पडते. दहात चारदा रुसणारं मशीन नुसत्या योगायोगानेही सलग पाच वेळा चालू होऊ शकतं, त्याची शक्यता साधारण ८ टक्के आहे. सलग दहा वेळा मात्र १ टक्क्याहूनही कमी. पाच यशांवर विश्वास टाकणं म्हणजे तोच लॅपटॉप पुन्हा उघडणं.

बॅटरी काढलेली, फक्त चार्जर: दहापैकी चार. चार्जर काढून फक्त बॅटरी: दहापैकी दहा. हा दिवसभरातला सगळ्यात मोलाचा निकाल. बॅटरीत जीव असला की ती जॅकचा, म्हणजे चार्जरची पिन जिथे खुपसतात त्या भोकाचा, दोष झाकते, जुनी झाल्यामुळे उतरली की दोष उघडा पडतो. ‘कधी कधी’चं उत्तर एवढंच होतं. बॅटरीवर चालू झाला म्हणजे बटण ठीक आहे, त्याची रिबन केबल ठीक आहे, बोर्डही बऱ्यापैकी ठीक आहे.

गुरुवार

सीमॉस सेल, म्हणजे घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारा बोर्डावरचा छोटा सेल, मोजला, २.९ व्होल्ट. ठीक. अडीचच्या खाली असता तर बदलायला हवा होता.

शुक्रवार

जॅक. काही मॉडेलांत तो तारेच्या शेपटीवर असतो, कनेक्टर काढून नवा लावला की झालं. इथे थेट बोर्डावर डाग दिलेला, म्हणजे सोल्डरने जोडलेला, आहे. भिंगाखाली मधल्या पायाभोवती केसाएवढी काळी रेघ, पूर्ण गोल. पिन हलवली की पाय डागाच्या आत किंचित हलतो, डाग मात्र जागेवरच. शेजारी बोर्ड तपकिरी पडलाय. त्याचंही गणित सरळ आहे: लूज कॉन्टॅक्टचा रोध ०.१ ओहम धरला आणि ३ अँपिअर वाहिले, तर त्या ठिपक्याएवढ्या जागी जवळपास १ वॅट उष्णता सतत. उष्णतेने भेग वाढते, भेगेने उष्णता.

नुसती इस्त्रीसारखी सोल्डरिंग आयर्न फिरवून उपयोग नाही. जुना डाग शिसेविरहित, २१७ अंशांच्या आसपास वितळणारा, आणि वर काळपटलेला. आधी फ्लक्स, म्हणजे काळपटपणा काढणारं रसायन, मग थोडं ताजं ६३/३७ सोल्डर, ते १८३ अंशांना वितळतं आणि जुन्यात मिसळून त्याला सोडवतं. मग सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या तारांच्या वेणीने सगळं शोषून घेऊन, पाय स्वच्छ करून नवा डाग. मायनसचा पाय तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असल्याने सगळी उष्णता पिऊन टाकतो. तिथे बारीक नव्हे, रुंद टोक हवं. घाई केली तर वरून चकचकीत आणि आतून थंड, म्हणजे नीट न वितळलेला, डाग बसतो, महिन्याभरात परत तोच त्रास. चांगला डाग पायावर चढत गेलेला दिसतो, गोळ्यासारखा बसलेला नाही.

शनिवार

बॅटरी न जोडता, फक्त चार्जरवर: वीसपैकी वीस. पिन हलवत आणखी पाच, पाचही चालू. तासभर चालल्यावर जॅकची जागा बोटाला कोमट लागते, गरम नाही.

बॅटरी जोडून झाकण लावलं. थंडीत धातू आकसतो आणि राहिलेली भेग तेव्हाच उघडते, म्हणून रात्रभर तसाच बंद ठेवलाय. उद्या सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की काय होतं, ती एक नोंद बाकी आहे.