पॅडामागे कोण दडलंय?

शनिवार, रात्री उशिरा

जेवणं उरकल्यावर पुन्हा ६५०२ घेऊन बसले. चिप नव्हे, चिपचा फोटो. मॉस टेक्नॉलॉजीचा १९७५ चा प्रोसेसर, अ‍ॅपल-२ मध्ये होता तोच. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, मुद्दाम उघडलं नाही. पिनांची नावं आधीच वाचली की पेपर फुटल्यावर परीक्षेला बसल्यासारखं होतं.

कडेकडेने चौकोनी पॅड, म्हणजे बाहेरच्या पिना जोडायचे धातूचे तुकडे, बसलेत आणि दिसायला सगळे एकाच साच्यातले. त्यांच्याकडे कितीही टक लावली तरी आत येणारा कोण आणि बाहेर जाणारा कोण, काही कळत नाही. सप्लायचे तेवढे लगेच सापडतात. पॅडातून निघालेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रुंद असेल आणि फाटे फोडत चिपभर पसरत असेल, तर ते व्हीसीसी (वीजपुरवठ्याचं धन टोक) किंवा ग्राउंड (शून्य व्होल्ट). इथे ग्राउंडच्या पिना दोन आहेत, हेही फोटोतच दिसतं.

बाकीच्यांचं उत्तर पॅडामागे असतं. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम उतरवल्यानंतरचा फोटो लागतो. पॉलिसिलिकॉनची (वरच्या सिलिकॉन थराची) रेघ डिफ्यूजनवरून (खालच्या सिलिकॉनमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यावरून) जिथे आडवी जाते तिथे ट्रान्झिस्टर, आणि ती रेघ म्हणजे त्याचा गेट, त्याला चालू-बंद करणारं टोक. पॅडाची तार नुसती गेटवर जाऊन थांबत असेल तर इनपुट. ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला किंवा सोर्सला, म्हणजे वीज ज्यांच्यामधून वाहते त्या दोन टोकांपैकी एकाला, लागत असेल तर आउटपुट.

आज एका अ‍ॅड्रेस पॅडामागे (मेमरीतला पत्ता बाहेर पाठवणाऱ्या) बराच वेळ गेला, आणि सार्थकी लागला. तिथे दोन अवाढव्य ट्रान्झिस्टर आहेत, एक पॅडाला व्हीसीसीकडे ओढणारा, दुसरा ग्राउंडकडे. गेट नागमोडी वळवलेला, कारण जेवढी रुंदी हवी तेवढी सरळ रेषेत मावतच नाही. आतला साधा ट्रान्झिस्टर यांच्याशेजारी ठिपका वाटतो. पण बाहेरच्या बोर्डावरची १३० पिकोफॅरड कपॅसिटन्स (तारांची वीज साठवून धरायची क्षमता) आणि वर एक टीटीएल लोड (त्या काळच्या साध्या चिपचं एक इनपुट) ओढायचा, तर एवढं अंग हवंच.

दोन्ही गेटांवर नेहमी एकमेकांच्या उलट सिग्नल येतो, म्हणजे एक बंद तर दुसरा चालू. डेटा पॅडांवर मात्र दोघेही एकदम बंद होऊ शकतात. शिवाय त्याच पॅडावरून आणखी एक बारीक तार आत निघते. म्हणजे हा दोन्हीकडून चालणारा. मोठे ट्रान्झिस्टर बघून घाईघाईने ‘आउटपुट’ लिहून मोकळं होणाऱ्यांची इथेच फसगत होते.

दुसरा चकवा याच्या बरोब्बर उलटा. काही जुन्या चिपांवर नुसत्या इनपुटाच्या पॅडालाही ट्रान्झिस्टरचा ड्रेन लागलेला असतो. बोटांतली स्टॅटिक वीज आली तर ती ग्राउंडला जावी, म्हणून बसवलेला. ओळखायचा कसा? त्याचा गेट शोधायचा. तो कायमचा ग्राउंडला बांधलेला असेल, तर हा पहारेकरी. चिप तिथून काहीच बोलत नाही. खरी तार पुढे जाऊन एखाद्या चिमुकल्या गेटवर पोचते.

मला वाटतं, पॅडापासून आत शिरण्याऐवजी गेटापासून उलटं मागे येणं सोपं पडतं. गेट कोण हलवतंय हे कळलं की दिशा आपोआप ठरते.

उद्या डी-० ची, म्हणजे पहिल्या डेटा पॅडाची, ती बारीक तार. तिचा एक फाटा डेटा लॅचकडे (आत आलेला डेटा धरून ठेवणाऱ्या जागेकडे) जायला हवा, दुसरा प्रीडिकोड रजिस्टरकडे (आलेली आज्ञा उलगडण्याआधी ठेवायच्या जागेकडे).