हिंदी बुलेटिन वाचताना माझा आवाज मला कसा सापडला

घरात मराठी आणि स्टुडिओत हिंदी असलेल्या इंदूरच्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो ‘आवाज खाली घ्या, भारदस्त वाटेल’ हा. मी तो पाळला, मग सोडला. बायकांच्या बोलण्याचा सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असतो. तो मुद्दाम तळाशी दाबला की वाक्य संपता संपता घसा खरखरतो आणि शेवटचं क्रियापद विरून जातं. बातमीत ‘हुई’ की ‘होगी’ हे तिथंच कळतं, त्यामुळे हे नुकसान मोठं आहे.

आपली पट्टी शोधायची तर कुणी ‘जेवलीस का?’ विचारल्यावर ओठ मिटून जो ‘हं’ सहज निघतो, त्या सुरावर पहिलं वाक्य सुरू करावं. रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज पातळ वाटेल. एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, म्हणून. तेवढ्यासाठी सूर बदलू नका.

मेहनत खरी घ्यायची ती उच्चारांवर. ‘चोर’, ‘जाना’ म्हणताना आपली जीभ दातांकडे जाते. हिंदीत तो च ‘चहा’तला आणि ज ‘जीव’मधला. ‘हज़ार’चा ज़ मात्र वेगळा, त्यात जीभ टेकत नाही, हवा घासत जाते. ‘कृषि’ आपण ‘क्रुषी’ म्हणतो, तिथे ‘क्रिषि’ म्हणतात, आणि मंडीच्या बातम्यांत तो शब्द रोजचाच. ज्ञ म्हणजे ‘ग्य’. ‘पैसा’, ‘है’ यांत अइ नको, ‘बॅट’च्या जवळचा एकच स्वर हवा. सगळ्यात दगा देतात ते आकडे: ६९ दिसलं की डोक्यात एकोणसत्तर येतं आणि ‘उनहत्तर’ला जीभ अडते. ६९, ७९, ८९ स्क्रिप्टमध्ये मी अक्षरांतच लिहिते.

३० सेकंदांच्या व्हीओला (व्हॉइस-ओव्हर, म्हणजे दृश्यांवर वाचलेला मजकूर) सुमारे ७० शब्द पुरतात. त्याहून जास्त असतील तर वेग वाढवण्यापेक्षा कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, कापायला सांगावं. हे सांगता येणं हाही आवाजाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. श्वासाच्या जागी तिरकी रेघ, आणि वाक्यात एकाच शब्दाखाली अधोरेखा.

साडीवर लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) पदराच्या पिनेला, म्हणजे डाव्या खांद्याकडे लावला जातो. मग उजवीकडच्या सहअँकरकडे वळलं की आवाज पडतो. माइक छातीच्या मध्यावर, हनुवटीखाली साधारण एक वीत हवा. मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात, रेशीम घासतं. वायरीला एक वेटोळं देऊन आतून टेपनं चिकटवली की तिला बसणारा हिसका माइकपर्यंत जात नाही.

कानात टॉकबॅक, म्हणजे वाचत असतानाच कंट्रोल रूममधून येणाऱ्या सूचना, सुरू झाला की नवी मुलगी थबकते. त्याचा सराव घरीच होतो: आपण पेपर मोठ्यानं वाचायचा आणि घरच्यांनी कानाशी दहापासून उलटे आकडे म्हणायचे.

इंदूरच्या राजवाड्यासमोर पीटीसी (‘पीस टू कॅमेरा’, घटनास्थळी कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) करताना हॉर्नच्या गोंगाटात आवाज आपोआप चढतो; एत्येन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये हे नोंदलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. तिथे ओरडू नये, हातातला माइकच हनुवटीच्या जवळ आणावा. काम संपल्यावर खाकरू नका, कुजबुजूही नका. दोन्हींनी घशावर ताण येतो. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या.